भूरसायनशास्त्राचा अभ्यासक्रम आणि जर्मन भाषेचे प्रथम पाठ : एका विसरलेल्या संबंधाचा इतिहास

प्रस्तावना

आपल्याकडील विद्यापीठांच्या अभ्यासक्रम-पुस्तिकांत भूरसायनशास्त्र हा विषय विज्ञान विद्याशाखेत, भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाची एक प्रश्नपत्रिका म्हणून येतो. जर्मन भाषेचा प्राथमिक वर्ग त्याच पुस्तिकेत, पण पुष्कळ पाने ओलांडल्यावर, परकीय भाषांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांत आढळतो. या दोन विषयांचे अध्यापक एकमेकांच्या वर्गात जात नाहीत. त्यांचे विद्यार्थीही निराळे असतात. एकाचा हेतू खडकांचे विश्लेषण शिकण्याचा, तर दुसऱ्याचा नोकरी, भाषांतर किंवा परदेशातील उच्च शिक्षण हा असतो. या दोन अभ्यासक्रमांत काही आंतरिक नाते असेल, असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही.

परंतु शंभर वर्षांपूर्वी चित्र वेगळे होते. भूरसायनशास्त्र ज्या काळात स्वतंत्र विद्याशाखा म्हणून आकार घेत होते, त्या काळात जर्मन वाचता न येणारा अभ्यासक या विषयाच्या उंबरठ्यावरच थांबला असता. हे नाते कसे जुळले, कसे तुटले आणि त्या तुटण्यातून आजच्या विद्यापीठांनी काय बोध घ्यावा, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. एखादी भाषा ज्ञानभाषा म्हणून मागे पडते तेव्हा ती दुबळी होती म्हणून मागे पडली, असे आपण सहज गृहीत धरतो. जर्मन भाषेच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

खाणीतील भाषा

भूरसायनशास्त्राची परिभाषा प्रयोगशाळेत नव्हे, तर सॅक्सनी आणि बोहेमियाच्या खाणींत जन्मली. सोळाव्या शतकात गेओर्ग आग्रिकोला याने खाणकामावरील आपला ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला. तो १५५६ मध्ये प्रसिद्ध झाला. खाणकामगारांच्या तोंडच्या असंख्य शब्दांना लॅटिनमध्ये प्रतिशब्दच नव्हते. त्यामुळे त्याला नवे लॅटिन शब्द घडवावे लागले आणि त्यांचा अर्थ कळावा म्हणून जर्मन शब्दांची सूची जोडावी लागली. पंडितांच्या भाषेला कामगारांच्या भाषेचा आधार घ्यावा लागल्याचे हे बोलके उदाहरण होय.

आजही भूशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून जर्मन शब्द उच्चारत असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसते. क्वार्ट्झ, नाइस, हॉर्नब्लेंड, लोएस, ग्राबेन हे सारे शब्द जर्मनमधून आलेले आहेत. फेल्डस्पार हे ‘फेल्डश्पाट’ या जर्मन शब्दाचे इंग्रजी रूप आहे. त्यातील ‘फेल्ड’ म्हणजे शेत किंवा मैदान आणि ‘श्पाट’ म्हणजे पापुद्र्यापापुद्र्याने फुटणारे खनिज. ‘ब्लेंडे’ या शब्दाच्या मुळाशी डोळे दिपवणे, चकवणे असा अर्थ आहे. झिंकब्लेंड हे खनिज शिशाच्या धातुकासारखे दिसे, परंतु भट्टीत घातल्यावर त्यातून शिसे निघत नसे. म्हणून ते चकवणारे. निकेल आणि कोबाल्ट ही नावेही अशाच फसवणुकीच्या अनुभवातून आली. तांब्याच्या धातुकासारखे दिसणारे, पण तांबे न देणारे खनिज म्हणजे ‘कुप्फरनिकेल’. यातील ‘निकेल’ हे खोडकर भुताचे नाव होय. ‘कोबोल्ड’ हेही खाणीत वावरणाऱ्या पिशाच्चाचेच नाव. आवर्तसारणीतील दोन मूलद्रव्ये अशा रीतीने खाणकामगारांच्या लोकसमजुतींची आठवण आजही वागवत आहेत.

या व्यवहारज्ञानाला विद्यापीठीय शिस्त लावण्याचे श्रेय सॅक्सनीतील फ्रायबेर्ग येथील खाणविद्या अकादमीकडे जाते. १७६५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत आब्राहाम गोटलोब वेर्नर याने १७७५ पासून खनिजविद्येचे अध्यापन केले. अलेक्झांडर फोन हुंबोल्ट हा त्याच्या विद्यार्थ्यांपैकी एक. १८६३ मध्ये इंडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम ही मूलद्रव्ये याच गावात सापडली. जर्मेनियमचा शोध लावणाऱ्या क्लेमेन्स विंकलर याने त्याला आपल्या देशाचे नाव दिले. मेंडेलेयेव्हने सिलिकॉनखालच्या रिकाम्या जागेविषयी जे भाकीत केले होते, ते त्यामुळे खरे ठरले.

विषयाचे नामकरण आणि पहिले अभ्यासवर्ग

‘भूरसायन’ हा शब्द प्रथम योजला तो स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठाच्या क्रिस्टियान फ्रीडरिश श्योनबाइन या प्राध्यापकाने, १८३८ मध्ये. ओझोन वायूचा शोधकर्ता म्हणून तो अधिक परिचित आहे. पृथ्वीच्या इतिहासाचा उलगडा केवळ जीवाश्म आणि स्तर यांवरून होणार नाही, त्यासाठी पृथ्वीच्या द्रव्याचे रसायनशास्त्र उभे राहिले पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. बॉन विद्यापीठातील गुस्टाव्ह बिशोफ याने पुढील दशकात रासायनिक आणि भौतिक भूशास्त्रावरील आपला विस्तृत पाठ्यग्रंथ जर्मनमध्ये लिहावयास घेतला.

मात्र हा इतिहास केवळ जर्मन भाषिकांचा होता, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील फ्रँक विगल्सवर्थ क्लार्क याने १९०८ मध्ये भूरसायनविषयक माहितीचा आपला प्रसिद्ध संग्रह प्रकाशित केला; १९२४ पर्यंत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. क्लार्क आणि हेन्री वॉशिंग्टन यांनी १९२४ मध्ये अग्निजन्य खडकांच्या ५१५९ विश्लेषणांवरून भूकवचाचे सरासरी संघटन मांडले. याच वॉशिंग्टनने १९२२ मध्ये दख्खनच्या बेसाल्ट खडकांवर लिहिले होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. रशियात अलेक्झांडर फेर्समान याने १९१२ मध्ये मॉस्कोच्या शान्याव्स्की लोकविद्यापीठात भूरसायनशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासवर्ग चालवला. तो जगातील या विषयाचा पहिला अभ्यासक्रम मानला जातो. त्याचे गुरू व्लादिमीर व्हेर्नाद्स्की यांनी पॅरिसमध्ये दिलेली व्याख्याने १९२४ मध्ये फ्रेंच भाषेत ग्रंथरूपाने आली. त्यांचा रशियन अवतार १९२७ मध्ये आणि जर्मन अवतार १९३० मध्ये प्रसिद्ध झाला.

एकच ग्रंथ सहा-सात वर्षांत तीन भाषांत यावा, यावरून त्या काळच्या ज्ञानव्यवहाराचे स्वरूप ध्यानात येते. विज्ञानाची भाषा एक नव्हती. इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तीन भाषा वाचता येणे ही अभ्यासकाची किमान पात्रता समजली जाई. अमेरिकेतील विद्यापीठांत डॉक्टरेटसाठी फ्रेंच व जर्मन वाचनाची परीक्षा द्यावी लागण्याची प्रथा याच समजुतीतून रूढ झाली. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी जर्मनचे प्राथमिक वर्ग भरत ते गटे किंवा शिलर वाचण्यासाठी नव्हे, तर शोधनिबंध वाचण्यासाठी. १९१४ मध्ये येना येथून गोटलोब लिंक याने ‘खेमी देर एर्ड’ म्हणजे ‘पृथ्वीचे रसायनशास्त्र’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा ते जर्मनमध्ये असणे कोणालाही विशेष वाटले नाही.

गॉटिंगेन : १९२९ ते १९३५

आधुनिक भूरसायनशास्त्राला सैद्धांतिक पाया मिळाला तो व्हिक्टर मॉरिट्झ गोल्डश्मिट यांच्या कार्यामुळे. १८८८ मध्ये झुरिच येथे जन्मलेले गोल्डश्मिट वडिलांबरोबर १९०१ मध्ये नॉर्वेत आले. वडील हाइनरिश हेही रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. अवघ्या सव्विसाव्या वर्षी, १९१४ मध्ये, व्हिक्टर गोल्डश्मिट ओस्लो येथे, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्टियानियात, प्राध्यापक झाले. १९२३ पासून त्यांनी ‘गेओखेमिशे फेर्टाइलुंग्सगेझेत्से देर एलेमेंटे’, म्हणजे ‘मूलद्रव्यांच्या वितरणाचे भूरसायनिक नियम’, ही नऊ भागांची मालिका प्रसिद्ध केली. ती ओस्लोत छापली गेली, पण भाषा जर्मन होती. नॉर्वेचा नागरिक, नॉर्वेचे खडक आणि नॉर्वेचा मुद्रणालय असूनही लेखकाने जर्मन निवडावी, यातच त्या भाषेचे तत्कालीन स्थान स्पष्ट होते.

गोल्डश्मिट यांचा मूळ प्रश्न साधा होता. पृथ्वीवरील मूलद्रव्ये जिथे सापडतात तिथेच का सापडतात? अशनींतील धातू, गंधकयुक्त द्रव्य आणि सिलिकेट हे तीन घटक, तसेच धातुभट्टीत वेगळे होणारे धातू, गंधकयुक्त थर आणि मळी यांची तुलना करून त्यांनी मूलद्रव्यांचे लोहप्रिय, गंधकप्रिय, शिलाप्रिय आणि वायुप्रिय असे गट पाडले. या गटांसाठी त्यांनी ग्रीक मुळांवरून संज्ञा घडवल्या. त्यामुळे सिडेरोफाइल, चाल्कोफाइल, लिथोफाइल, अॅटमोफाइल या संज्ञा पुढे कोणत्याही भाषेत सहज रुळल्या आणि त्यांचे जन्मस्थान मात्र विसरले गेले.

१९२६ मध्ये त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिळवलेल्या आयनांच्या त्रिज्यांची सारणी मांडली. खनिजाच्या स्फटिकात एका मूलद्रव्याची जागा दुसरे मूलद्रव्य घेऊ शकेल की नाही, हे मुख्यत्वे आयनाचा आकार आणि त्याचा विद्युत्भार यांवर अवलंबून असते, असे त्यांनी दाखवले. गॅलियम हे अॅल्युमिनियमच्या सोबतीने का आढळते, रुबिडियम पोटॅशियमच्या खनिजांत का दडते, याचा उलगडा त्यामुळे झाला. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधील ऑलिव्हीन व पायरॉक्सीन या खनिजांत मॅग्नेशियम आणि लोह एकमेकांची जागा घेतात, हे वर्गात शिकवताना आपण याच नियमाचा आधार घेतो. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या त्रिज्या अणुक्रमांकाबरोबर घटत जातात, या घटनेला ‘लँथेनाइड आकुंचन’ हे नावही गोल्डश्मिट यांनीच दिले.

१९२९ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. वर्णपटीय विश्लेषणाची साधने तेथे होती, मॅक्स बॉर्न आणि जेम्स फ्रँक यांच्यासारखे सहकारी होते. अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्ये मोजण्याच्या कामाला तेथे वेग आला; दगडी कोळशाच्या राखेत जर्मेनियम साठलेले असते, हा शोध याच काळातला. जर्मन भाषेतील भूरसायनशास्त्राचा हा परमोत्कर्ष होता आणि तो सहा वर्षे टिकला.

७ एप्रिल १९३३ रोजी नाझी सरकारने नागरी सेवेसंबंधीचा कायदा केला आणि ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढण्यास आरंभ झाला. गॉटिंगेनने बॉर्न, फ्रँक, एमी न्योटर आणि रिशार्ड कूरांट यांना गमावले. गोल्डश्मिट आणखी दोन वर्षे राहिले. शहरातील ज्यूद्वेषी वातावरण असह्य झाल्यावर १९३५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते ओस्लोला परतले. परंतु नॉर्वेही पुढे जर्मनीच्या ताब्यात गेला. १९४२ च्या शरद ऋतूत त्यांना अटक झाली. २६ नोव्हेंबर १९४२ रोजी पाचशेहून अधिक ज्यूंना घेऊन जाणारे ‘डोनाऊ’ हे जहाज ओस्लोच्या धक्क्यावरून निघाले. त्या प्रवाशांत गोल्डश्मिटही असावयाचे. त्यांच्या वैज्ञानिक ज्ञानाची देशाला गरज आहे, असे कारण पुढे करून त्यांना ऐनवेळी धक्क्यावरून मागे घेण्यात आले. जहाजावरील बहुतेकांचा अंत आउश्वित्झ येथे झाला. गोल्डश्मिट डिसेंबरमध्ये स्वीडनला आणि १९४३ मध्ये ब्रिटनला पोहोचले. युद्धानंतर ते ओस्लोला परतले आणि २० मार्च १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.

भाषेचे स्थलांतर

गोल्डश्मिट यांचा अखेरचा ग्रंथ ‘जिओकेमिस्ट्री’ त्यांच्या मृत्यूनंतर १९५४ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. अलेक्स म्यूर यांनी त्याचे संपादन केले. तो ग्रंथ इंग्रजीत होता. विषयाचे नियम जर्मनमध्ये मांडणाऱ्या संशोधकाची समग्र मांडणी जगापुढे आली ती इंग्रजीतून. एका विद्याशाखेचे भाषांतर एका व्यक्तीच्या आयुष्यातच घडून आल्याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण आहे.

अर्थात या स्थलांतराला केवळ १९३३ हे एकच वर्ष कारणीभूत नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेने जर्मनी व ऑस्ट्रियाला वगळले. ही बंदी १९२६ पर्यंत होती. अमेरिकेत तर युद्धज्वराच्या भरात जर्मन शिकवण्यावरच घाला आला. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये शालेय वर्गांत परकीय भाषा शिकवण्यास बंदी घातली. तेथील एका शिक्षकाला मुलाला जर्मन शिकवल्याबद्दल शिक्षा झाली आणि १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. पण न्यायालयाने कायदा रद्द केला तरी ओसरलेली विद्यार्थिसंख्या परत येत नाही. जर्मनचे प्राथमिक पाठ न घेतलेली एक पिढी मधल्या काळात तयार झाली होती. म्हणजे बाहेरून बहिष्कार आणि आतून हकालपट्टी अशा दुहेरी आघाताने जर्मन मागे पडली. तिच्या व्याकरणात किंवा शब्दसंपत्तीत काही उणे निर्माण झाले नव्हते.

युद्धोत्तर पाठ्यपुस्तके या बदलाची साक्ष देतात. फिनलंडच्या रांकामा व साहामा यांचा १९५० चा ग्रंथ आणि न्यूझीलंडचे ब्रायन मेसन यांचा १९५२ चा ग्रंथ हे दोन्ही इंग्रजीत आले. मेसन स्वतः ओस्लोत गोल्डश्मिट यांच्याकडे शिकण्यासाठी गेले होते. त्यांच्या पाठ्यपुस्तकामुळे पुढील विद्यार्थ्यांना जर्मनची गरज उरली नाही, असे म्हणावयास हरकत नाही. १९५० मध्ये निघालेल्या ‘जिओकिमिका एट कॉस्मोकिमिका अॅक्टा’ या नियतकालिकाने लॅटिन नाव धारण केले, जणू कोणत्याही एका राष्ट्राचा पक्ष घ्यावयाचा नव्हता. पण त्यातही इंग्रजीच वरचढ ठरली. येनाचे ‘खेमी देर एर्ड’ मात्र आपले जर्मन नाव शंभर वर्षे जपून होते. आता तेही ‘जिओकेमिस्ट्री’ या नावाने निघते.

पुण्यातील जर्मन

‘खेमी देर एर्ड’ ज्या वर्षी सुरू झाले, त्याच १९१४ सालापासून पुण्यातील जर्मन अध्यापनाची परंपरा मोजली जाते, हा योगायोग उल्लेखनीय आहे. त्या काळातील महाराष्ट्रीय विद्वानांना जर्मनीचे आकर्षण होते. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर १९१४ मध्ये बर्लिनला गेले. महायुद्धामुळे ते तिकडेच अडकले, काही काळ स्थानबद्धही होते. तरी डॉक्टरेट घेऊनच ते परतले आणि पुढे पुण्यात संशोधनसंस्था उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. दिनकर धोंडो कर्वे यांनी रसायनशास्त्राची आणि इरावती कर्वे यांनी मानववंशशास्त्राची डॉक्टरेट जर्मनीतूनच मिळवली. ब्रिटिश सत्तेखालील विद्यार्थ्याला जर्मन भाषा ही लंडनला वळसा घालून ज्ञानापर्यंत पोहोचण्याची वाट होती. म्हणून त्या काळी जर्मन शिकण्याला बौद्धिक स्वातंत्र्याचाही एक पदर होता.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि पुढे रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत परकीय भाषांचे वर्ग बहरले. परंतु या वर्गांचा विज्ञानाशी असलेला संबंध हळूहळू विरळ होत गेला. पूर्वी रसायनशास्त्राचे संशोधक जर्मन संदर्भग्रंथ वाचण्यासाठी प्राथमिक वर्गात बसत. पुढे ते ग्रंथ इंग्रजीत आले आणि त्यांची जागा संगणक व अभियांत्रिकी क्षेत्रातील तरुणांनी घेतली. विद्यार्थिसंख्या कमी झाली असे नव्हे, हेतू बदलला.

मराठी विद्यार्थी आणि प्रथम पाठ

मराठी विद्यार्थ्याला जर्मनचे प्रथम पाठ वाटतात तितके परके नसतात. इंग्रजीतून जर्मनकडे जाणाऱ्याला तीन लिंगांचा जाच होतो. मराठी भाषकाला पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग यांची सवय घरूनच असते. ‘देर श्टाइन’ आणि दगड दोन्ही पुल्लिंगी, ‘दी एर्ड’ आणि पृथ्वी दोन्ही स्त्रीलिंगी, ‘दास वासर’ आणि पाणी दोन्ही नपुंसकलिंगी. सोने, तांबे, लोखंड आणि मीठ यांच्याबाबतही लिंग जुळते. चांदी आणि वाळू यांच्यापाशी मात्र ते फसते. गौण वाक्यात क्रियापद शेवटी नेण्याचा जर्मन नियम इंग्रजी भाषकाला उलटा वाटतो. आपल्याला तो ओळखीचा वाटतो. ‘फेर्टाइलुंग्सगेझेत्स’ हा लांबलचक शब्द पाहून घाबरण्याचे कारण नाही. ‘वितरणनियम’ हा आपला तत्पुरुष समास त्याच पद्धतीने सुटतो.

परिभाषेच्या दृष्टीनेही ही तुलना उद्बोधक आहे. जर्मनांनी ऑक्सिजनला ‘झाउअरश्टोफ’ म्हणजे आम्लद्रव्य आणि नायट्रोजनला ‘श्टिकश्टोफ’ म्हणजे गुदमरवणारे द्रव्य म्हटले. आपण प्राणवायू आणि नत्रवायू म्हटले. एकाच वायूकडे दोन भाषांनी दोन बाजूंनी पाहिले. ज्या भाषेने आपल्या कामगारांचे शब्द विद्यापीठात नेले, तिच्याकडून मराठी परिभाषाकारांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पाथरवट, विहीर खोदणारे, कुंभार यांच्या बोलीत काळवत्री, मुरूम, चुनखडी यांसारखे शब्द पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांना आपल्या पाठ्यपुस्तकांत किती स्थान मिळाले, हा प्रश्न प्रत्येक अध्यापकाने स्वतःला विचारावा.

समारोप

भूरसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला जर्मन सक्तीची करावी, असे या लेखाचे म्हणणे नाही. आजचे संशोधन इंग्रजीत आहे आणि जुन्या लेखांचे यंत्राद्वारे कामचलाऊ भाषांतर मिळू शकते. तरीही दोन गोष्टी उरतात. पहिली शैक्षणिक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांच्या भिंती ओलांडण्यास वाव दिला आहे. अशा वेळी भूशास्त्र आणि परकीय भाषा या विभागांनी मिळून एखादा लहान श्रेयांक-अभ्यासक्रम आखावा, त्यात जर्मनच्या प्राथमिक व्याकरणाबरोबर गोल्डश्मिट यांच्या मूळ लेखातील काही परिच्छेद वाचावेत. यासाठी नवे पद किंवा नवी इमारत लागत नाही. दोन अध्यापकांनी एकत्र बसण्याची तयारी पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९२९ मध्ये ज्या विद्यापीठाने परदेशातून विद्वानाला सन्मानाने बोलावले, त्याच विद्यापीठात सहा वर्षांनी त्याला राहणे अशक्य झाले. त्या दिवशी गॉटिंगेनने केवळ एक प्राध्यापक गमावला नाही; जर्मन भाषेने एक विद्याशाखा गमावली. ज्ञानभाषा टिकते ती शब्दकोशांच्या बळावर नव्हे. ती बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांना ज्या परिसरात निर्भयपणे काम करता येते, तिथेच ती टिकते. मराठीला ज्ञानभाषा करण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या आपणा सर्वांनी हा इतिहास भूशास्त्राच्या वर्गातही सांगावयास हवा आणि जर्मनच्या वर्गातही.